तुम्ही विचारलंत म्हणून : "मॅडम, याला स्कोप काय?"

ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला. मुलगी सायकॉलॉजीत बीए करून आलेली असते, मी पर्यावरण आणि मानसिक आरोग्य यावर काम करते हे तिने कुठूनतरी ऐकलेलं असतं, तिला पुढे तेच करायचं असतं, आणि शेजारी बसलेले वडील विचारतात, "मॅडम, याला स्कोप काय?" लग्नाकार्यात लोक जरा वेगळं विचारतात, तुम्ही पेशंट बघता की झाडं लावता? दोन्ही नाही. एकदाच लिहून टाकते.

आधी वडिलांसाठी. या विषयाच्या नावाने प्राध्यापकाची जाहिरात मी तरी आपल्याकडे बघितलेली नाही. जाहिरात निघते 'सहाय्यक प्राध्यापक, मानसशास्त्र' अशी, आणि तीही निघाली तर. त्यासाठी एमए, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, सोबत पीएचडी असेल तर बरं, आणि मधली वर्षं सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. कायम झालात तर सातव्या वेतन आयोगाचं बेसिक ५७,७०० पासून सुरू, म्हणून तर एका जागेला एवढी रांग. आणि लागल्यावरही शिकवायचं सगळंच, फ्रॉइडपासून स्टॅटिस्टिक्सपर्यंत, वर कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फायली. माझं नाव पर्यावरणाशी जोडलं गेल्यामुळे त्या सक्तीच्या पर्यावरणाच्या पेपरचे प्रोजेक्टही माझ्याच टेबलावर येऊन पडतात, त्यातले निम्मे एकाच झेरॉक्सवाल्याकडचे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आपला विषय करायचा तो यातून वेळ चोरून.

आता मुलीसाठी, म्हणजे मी हे का करते ते.

न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एक शाळा आहे, तिच्या एका बाजूच्या खिडक्यांजवळून वरच्या रुळांवरची लोकल धडधडत जायची, दर साडेचार मिनिटांनी. गाडी आली की बाई बोलायच्या थांबणार, मुलं थांबणार, मग परत मागचं वाक्य. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट न्यूयॉर्कच्याच लेहमन कॉलेजात सायकॉलॉजी शिकवायच्या, त्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं मूल त्या शाळेत होतं, तिथून विषय निघाला. त्यांनी केलं काय, तर रुळांकडच्या वर्गातल्या आणि मागच्या शांत बाजूच्या वर्गातल्या मुलांचे वाचनाचे मार्क शेजारी शेजारी ठेवले. शाळा तीच, पोरं साधारण सारखीच, आणि सहावीपर्यंत गोंगाटातली मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली. हा पेपर १९७५ चा. मग त्या मागे लागल्या, रुळांखाली रबराचे पॅड बसवून घेतले, गोंगाटातल्या वर्गांना आवाज शोषणारं छत लागलं, आणि १९८१ मध्ये परत मोजलं तर फरक गेलेला. मुलांना कुणी एकाग्रतेचे व्यायाम दिले नाहीत, पालकांना समुपदेशनाला बसवलं नाही, दुरुस्ती रुळांची केली. माझ्या मते आमच्या विषयाचं सगळं सार यात आहे, आणि हेच आपल्याकडे कुणाला पटवता पटवता नाकी नऊ येतात, कारण शिबिर घेणं सोपं असतं, त्याचा फोटो पण येतो.

आमच्या कोल्हापूरकडचा रूळ म्हणजे पंचगंगा नदी. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी पाहिलेत. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ, २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलेलं. जुलै लागला की मोबाइलवर फूट-इंचांचे मेसेज सुरू होतात, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडलं, त्यात निम्मे मेसेज गेल्या वर्षीचे. शिरोळ तालुक्यात एका घरी मी प्रश्नावली घेऊन बसले होते, पहिलाच प्रश्न झोपेचा. मावशी माळ्यावर पिशवी चढवत होत्या, रेशन कार्ड, सातबारा, नातीची मार्कशीट, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. वरूनच म्हणाल्या, "धरणावर पाऊस किती हाय ते सांगा आदी, मग झोपंचं बोलू." म्हशी कुठे हलवायच्या ते ठरलं नव्हतं, आणि म्हशी सोडून त्या कुठे जाणार नव्हत्या. आता याला कागदावर चिंताविकाराची लक्षणं म्हणून टिकमार्क करता येतो, रात्री तीनदा उठणं, छातीत धडधड, सगळं बसतं. पण पाण्याकडे बघायला उठणारं माणूस आजारी नसतं, त्याला खात्रीची माहिती आणि जनावरांची सोय पाहिजे असते. ज्याला पाणी ओसरून महिने गेले, कडक ऊन पडलं तरी झोप येत नाही त्याचं वेगळं, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचंच. हे दोघं वेगळे ओळखणं हे माझं काम. गोळ्या मी देत नाही, मला देताही येत नाहीत, तो डॉक्टरांचा अधिकार, हे लग्नातल्या मंडळींसाठी.

स्कोपचं म्हणाल तर काम ढिगाने आहे, पोस्ट नाहीत. आवाजाचे नियम २००० सालचे, हॉस्पिटल-शाळेभोवती जाहीर केलेल्या किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा. मीटर घेऊन एखाद्या हायवेलगतच्या शाळेत जाऊन उभं राहा, पीएचडीचा विषय तिथेच सापडेल.

यायचंच असेल तर स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका, रडत रडत का होईना करा. गाईड निवडताना त्यांचं नाव बघू नका, ते फील्डवर येतात का ते विचारा, आधीच्या विद्यार्थ्यांकडून. बोलीभाषा येत नसेल तर शिका, प्रमाण मराठीत विचारलं की लोक 'सगळं बरं हाय' म्हणून मोकळे होतात. आणि घरच्यांना सध्या 'मानसशास्त्रात प्राध्यापक व्हायचंय' एवढंच सांगा, पर्यावरणाचं नंतर, नोकरीची ऑर्डर हातात पडल्यावर.