समस्थानिकांचे गुणोत्तर: सीओच्या झगमगत्या रेषेवर विसंबू नका

डिसेंबरच्या संध्याकाळी ठाण्यातून पारसिकच्या डोंगरावर मृग नक्षत्र चढताना दिसते. तिथल्या रेणुमेघांत कार्बन-12 आणि कार्बन-13 यांचे प्रमाण किती, हे घरी बसून काढता येते: आल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणीचा खुला डेटा उतरवायचा आणि कासा हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचे.

साध्या (कार्बन-12 च्या) सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, रेडिओ रेषा 115.271 गिगाहर्ट्‌झला, कार्बन-13 असलेल्या सीओची 110.201 ला. दोन्हींच्या तीव्रतेचा भागाकार केला की दाट मेघात बहुधा दोनच्या आसपास काहीतरी येते. सूर्याच्या परिसरातल्या मेघांत खरे गुणोत्तर साधारण 68 आहे, मग एवढी तफावत का? साधी रेषा संपृक्त असते, म्हणजे रेणू वाढले तरी तिची तीव्रता वाढत नाही. तिची प्रकाशीय जाडी (मेघ किती अपारदर्शक, त्याचे माप) 60 आणि दुर्मीळ रेषेची 1 धरा: पहिलीची तीव्रता 1, दुसरीची 1 − e⁻¹ म्हणजे 0.63. भागाकार 1.6! रेणू साठपट आहेत, पण आपल्याला दिसतो तो मेघाचा फक्त पुढचा पापुद्रा.

म्हणून भागाकार वेगाच्या प्रत्येक चॅनेलमध्ये (रेषेच्या प्रत्येक अरुंद तुकड्यात) वेगळा करा. रेषेच्या कडांना गुणोत्तर जास्त आणि मध्यभागी कमी आले, तर ती संपृक्तीच समजा.

खात्रीची जोडी दोन्ही दुर्मीळ रेषांची. ऑक्सिजन-18 असलेला सीओ 109.782 ला, आणि कार्बन-13 व ऑक्सिजन-18 दोन्ही असलेला 104.711 ला. किंमत मात्र मोजावी लागते. पहिली रेषा 1.8 केल्विन (इथे तीव्रता तापमानाच्या एककात मोजतात) असेल तर दुसरी जेमतेम 0.03. पाच सिग्मासाठी, म्हणजे रेषा नॉइजच्या पाचपट दिसावी म्हणून, नॉइज 6 मिलिकेल्विनवर आणावा लागतो, आणि नॉइज निम्मा करायला निरीक्षणाचा वेळ चौपट लागतो. इतक्या क्षीण रेषेत बेसलाइन (रेषेखालची शून्यपातळी) जराशी वाकडी बसली तरी उत्तर बिघडते.

भागाकाराआधी दोन्ही नकाशे एकाच बीमवर, म्हणजे सारख्याच रेझोल्यूशनवर, आणा (कासातले इमस्मूद) आणि एकक केल्विन करा. आल्मासारखा इंटरफेरोमीटर (अनेक अँटेना जोडून केलेली दुर्बीण) पसरलेले उत्सर्जन गाळून टाकतो. साध्या सीओचे उत्सर्जन जास्त पसरलेले, त्यामुळे त्याचाच तोटा जास्त होतो.

एवढे करूनही हाती येते ते सीओ रेणूतले गुणोत्तर, मूलद्रव्याचे नव्हे. थंड वायूत कार्बन-13 चा आयन साध्या सीओतल्या कार्बनची जागा घेतो. त्यात 35 केल्विनइतकी ऊर्जा सुटते, म्हणून 10 केल्विनच्या वायूत उलटी अभिक्रिया मंदावते आणि गुणोत्तर घटते. मेघाच्या कडेला अतिनील किरण याच्या उलट करतात: साधा सीओ स्वतःची ढाल होतो, दुर्मीळ फुटतो, गुणोत्तर वाढते. हे दोन परिणाम एकमेकांना खोडतील असे गृहीत धरू नये. कडेचे पिक्सेल वगळलेलेच बरे.

नायट्रोजनसाठी हायड्रोजन सायनाइडची दोन दुर्मीळ रूपे सोयीची आहेत: कार्बन-13 वाले 86.340 ला, नायट्रोजन-15 वाले 86.055 ला. एकाच बँडमध्ये बसत असल्याने कॅलिब्रेशनची चूक बहुतांशी कटते. पण इथे कार्बनचे गुणोत्तर गृहीत धरून गुणावे लागते. 68 ऐवजी 50 धरले, तर नायट्रोजनचे उत्तरही त्याच प्रमाणात, म्हणजे चतुर्थांशाहून जास्त घसरते.