किरिबास, तटस्थ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठशे शब्दांत मनोगत पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात होते. निरोपाखाली सूचना होत्या. इमारत, ग्रंथालय, जिमखाना, स्नेहसंमेलन, प्राचार्यांचं मार्गदर्शन आणि 'महाविद्यालयाने दिलेला जागतिक दृष्टिकोन' या सगळ्याचा उल्लेख यावा. इमारतीबद्दल बाकीचे लिहितीलच. जिमखान्यात मी तीन वर्षांत दोनदा गेले, दोन्ही वेळा पाऊस लागला होता म्हणून. आठशे शब्दांतही मी मावणार नाही, कात्री चालवायची तर खुशाल चालवा. मला मॅडमबद्दल लिहायचंय.

नाव लिहीत नाही. विचारायला फोन केला तर म्हणाल्या, "नाव छापलंस तर मी समारंभाला येणार नाही." आणि त्या खरंच येणार नाहीत. भूगोलाच्या मॅडम म्हटलं की आपल्या वेळच्या कुणालाही कळेल. कापडी पिशवीत पृथ्वीचा गोल घालून तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या. त्या गोलाला दक्षिण अमेरिकेच्या पोटाशी पोचा आला होता आणि उत्तर ध्रुवाच्या खिळ्याला पांढऱ्या दोऱ्याची एक गुंडी कायम अडकवलेली असायची. दोन शहरांमधलं अंतर विचारलं की त्या आकडा सांगत नसत. दोऱ्याची टोकं दोन शहरांवर धरायला लावत आणि दोरा ताणायला सांगत. सपाट नकाशावर सरळ पूर्वेला जाणारी वाट दोरा ताणला की अचानक ध्रुवाच्या बाजूने वर सरकायची. "विमानं अशीच जातात," एवढंच म्हणायच्या आणि गुंडी परत खिळ्याला.

भिंतीवरचा जगाचा नकाशा त्यांनी एकदा मुद्दाम उलटा टांगला होता, दक्षिण वर करून. शिपायाने चूक केली असं समजून प्राचार्यांनी तो दुपारी सरळ करवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उलटा. त्याच नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं म्हणून आम्हाला दोन्हींची क्षेत्रफळं काढून आणायला लावली होती. आफ्रिका जवळजवळ 14 पट निघाली. वर्गातल्या एकाने छापखान्याची चूक म्हणून सोडून दिलं. त्याला मर्केटर, म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारी नकाशाची पद्धत, शिकवायला त्यांनी अख्खा तास घालवला, आणि आम्हा बाकीच्यांना तो फुकट मिळाला.

पण सांगायचंय ते अभिरूप आमसभेचं, म्हणजे चिठ्ठीत आलेल्या देशाचे प्रतिनिधी होऊन आम्ही भरवलेल्या युनोच्या लुटुपुटूच्या सभेचं.

दुसऱ्या वर्षाला होते. युनोत तेव्हा 192 देश होते, दक्षिण सुदान 2011 साली आल्यावर 193 झाले. पत्र्याच्या डब्यात 192 चिठ्ठ्या आणि आम्ही 42 जण, शिवाय अध्यक्ष म्हणून तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला फ्रान्स आला आणि ती आठवडाभर जमिनीवर नव्हती. आमसभेत नकाराधिकार नसतो, तो फक्त सुरक्षा परिषदेत, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. माझ्या चिठ्ठीवर रोमन अक्षरांत जे लिहिलं होतं ते मी वाचलं 'किरिबाटी'. हा देश आहे की आजार, असं कुणीतरी मागून म्हणालं. मी सरळ मॅडमकडे गेले आणि चिठ्ठी बदलून मागितली.

"बदलून मिळत नाही," त्या म्हणाल्या. "तिथं जन्मलेल्यांनाही मिळत नाही."

लायब्ररीतल्या काळ्या कपाटातला तो मोठा अॅटलास आठवतो ना, दोन हातांनी उचलावा लागणारा? त्यात किरिबाटी नव्हतंच. सूचीत नाही, पॅसिफिकच्या पानावर नाही. तक्रार घेऊन गेले तर मॅडमनी विचारलं, "अॅटलास कोणत्या सालचा आहे?" मी बघितलंच नव्हतं. बघितलं, तर 1979 च्या आधीचा. देश स्वतंत्र झाला 12 जुलै 1979 ला, तोवर नकाशावर गिल्बर्ट बेटं. नवं नाव म्हणजे तिथल्या लोकांच्या जिभेवरचं 'गिल्बर्ट'च आहे, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की कुठलाही नकाशा उघडला की आधी छपाईचं साल बघायचं. आज माझी नोकरी त्यावर चालते.

पुढचे दहा दिवस मी त्या 33 बेटांत होते. क्षेत्रफळ सगळं मिळून 811 चौरस किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम पसारा चार हजार किलोमीटरहून जास्त. चारही गोलार्धांत जमीन असलेला एकमेव देश. बहुतेक बेटं समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर. आणि 1994 पर्यंत आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशाच्या मधून जात होती. मॅडमनी जिन्यातच मला थांबवून विचारलं, "पश्चिमेकडे सोमवार उजाडला की पूर्वेच्या बेटांवर रविवार. मग दोन्हीकडे कचेऱ्या उघड्या असे आठवड्यात दिवस किती?" मी बोटं मोजली. पाच म्हणाले, मग चार. "चारच," त्या म्हणाल्या, "म्हणून त्यांनी 1995 पासून रेषाच पूर्वेकडे ढकलली." जुन्या अॅटलासातली ती रेषा तिथं सरळ होती. गोलावर मात्र तिला हातोड्यासारखं डोकं फुटलं होतं. मी दोन्हींवरून बोट फिरवून बघितलं. एका देशाने स्वतःच्या सोयीसाठी वार बदलला, याचं मला त्या वयात इतकं अप्रूप वाटलं की रात्री घरी सगळ्यांना सांगत सुटले.

आमसभेचा दिवस. वरचा हॉल, खरखरणारा माइक, जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या देशांच्या पाट्या. ठराव होता वाढत्या समुद्रपातळीवर. माझं भाषण तोंडपाठ. उभी राहिले, म्हणाले, "अध्यक्ष महोदय, किरिबाटीच्या वतीने..."

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "किरिबास."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा सुरू केलं, "किरिबाटीच्या वतीने..."

"किरिबास."

हॉल हसला. फ्रान्स सगळ्यांत मोठ्याने हसला. मी कागद घडी केला आणि खाली बसले. बाकीच्यांनी विनवलं, अध्यक्षांनी पुन्हा नाव पुकारलं, मी उठले नाही. राग पाट्या उलथवून टाकाव्यात इतका आला होता.

मतदान हात वर करून. मसुद्यात बुडत्या बेटांसाठी युनोच्या अर्थसंकल्पातून पैसा राखून ठेवायचा होता, म्हणून साधं बहुमत पुरणार नव्हतं. सनदेचं 18वं कलम अशा ठरावाला दोन-तृतीयांश मागतं, तेही हजर राहून मत देणाऱ्यांपैकी. तटस्थ राहणारा त्यात धरला जात नाही. बाजूने 27. विरोधात 14. अध्यक्षाने विचारलं, "तटस्थ?" आणि मी हात वर केला. एकटीनेच.

41 पैकी 27 म्हणजे दोन-तृतीयांशाला जरासे कमी. माझा हात बाजूने गेला असता तर 42 पैकी 28, अगदी बरोबर दोन-तृतीयांश. ठराव पडला. ज्या देशाच्या पायाखाली पाणी येतंय त्यानेच तो पाडला. हे गणित त्या क्षणी हॉलमध्ये दोनच माणसांना दिसलं असावं.

नंतर मी पाट्या गोळा करत होते आणि मॅडम इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये लिहीत होत्या. मी म्हणाले, "मला राग आला होता." वर न बघता त्या म्हणाल्या, "इथं तसा रकाना नाही. इथं 'किरिबास, तटस्थ' एवढंच लिहिलं जाणार." मग मला बसवून त्यांनी 1948 चं सांगितलं. 10 डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा आमसभेत मताला आला. बाजूने 48, विरोधात एकही नाही, तटस्थ 8. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका, सौदी अरेबिया, सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले. "का तटस्थ राहिले ते पुस्तकं धुंडाळून शोधावं लागतं. कोण राहिले ते कुणालाही पाठ करता येतं."

मी रडवेली झाले होते. ते बघून की काय, त्यांनी कागदावर रोमन लिपीत 'किरिटिमाटी' असं दिसणारं एक नाव लिहिलं. त्याच देशातलं बेट. म्हणाल्या, "त्यांच्या वर्णमालेत 'स'साठी अक्षर नाही. 'टी'पुढे 'आय' आलं की उच्चार 'स'. आता वाच." मी वाचलं. कि-रिस-मास. पुन्हा वाचलं. ख्रिसमस! कॅप्टन कुक तिथं 1777 साली 24 डिसेंबरला पोचला होता. मी हसले, त्याही हसल्या. मग त्याच सुरात म्हणाल्या, "याच बेटावर ब्रिटिशांनी 1957-58 मध्ये आणि अमेरिकेने 1962 मध्ये अणुचाचण्या केल्या," आणि रजिस्टर मिटून उठल्या. त्यांचं असंच असायचं. हसू पुरतं होऊ द्यायच्या नाहीत.

आज मी डिजिटल नकाशे करणाऱ्या कंपनीत स्थलनामांचा विभाग सांभाळते. हाताखाली अकरा माणसं आहेत. मागच्या वर्षी याच विषयावरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलून आले, हे आता लिहायचं नाही तर कधी? 2018 मध्ये स्वाझिलँडचं एस्वातिनी झालं, 2019 मध्ये मॅसेडोनियाच्या आधी 'उत्तर' लागलं, 2022 मध्ये तुर्कस्तानने आम्हाला सगळीकडे तुर्किये म्हणा असं युनोला कळवलं. प्रत्येक वेळी ऑफिसात कुणीतरी म्हणतं, "काय फरक पडतो?" मी उत्तर देत नाही. मराठी नकाशात 'किरिबास' लिहावं यासाठी मी दोन बैठका भांडले. लोक शोधताना 'किरिबाटी'च टाइप करतात, हा समोरच्यांचा मुद्दाही खरा होता. शेवटी असं ठरलं की शोध दोन्ही नावांनी लागेल, नकाशावर दिसेल मात्र किरिबास.

2014 मध्ये बातमी आली, किरिबासच्या सरकारने फिजीत सुमारे 20 चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. मी ती लगेच मॅडमना पाठवली. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "बानाबा?" मला अर्धा दिवस शोधावं लागलं. बानाबा हे त्याच देशातलं बेट, 1900 पासून फॉस्फेटसाठी खरवडलेलं. तिथल्या बहुतेक लोकांना 1945 च्या डिसेंबरात फिजीतल्या एका बेटावर नेऊन वसवलं. म्हणजे फिजीची वाट आधीच एकदा तुडवून झालेली. सापडलं म्हणून मी अभिमानाने कळवलं, "राबी बेटावर." उत्तर आलं, "राम्बी. फिजीत 'ब' म्हणजे 'म्ब'." कपाळावर हात मारला.

गेल्या वर्षी कॉलेजात 'ग्लोबल डे' झाला, त्याला पाहुणी म्हणून आले होते. व्यवस्था चोख, पडदा मोठा, दारात सेल्फी पॉइंट. छताला ध्वजांच्या माळा होत्या. पोलंडच्या पाटीजवळचा ध्वज लाल वर आणि पांढरा खाली असा, म्हणजे इंडोनेशियाचा, नाहीतर मोनॅकोचा. मी एका मुलीला दाखवलं. ती गोड हसून म्हणाली, "मॅम, माळ तयार मिळाली." तिची चूक नाही. चिठ्ठ्या काढायला डबा नव्हता, देश ज्याने त्याने आवडीचा घेतलेला, त्यामुळे सहा जण अमेरिका होते आणि पॅसिफिकमधून कुणीच नव्हतं. आमच्या वेळी सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण डबा परत आणा, एवढं म्हणते.

हा मजकूर द्यायला मागच्या आठवड्यात आले तेव्हा लायब्ररीत डोकावले. काळं कपाट तिथंच आहे. खालच्या कप्प्यात इतिवृत्तांची रजिस्टरं दोरीने बांधून ठेवलेली. आमच्या वर्षाचं सापडायला वेळ लागला नाही, पान सापडायला लागला. निळ्या शाईत, मॅडमच्या उभट अक्षरात: बाजूने 27, विरोधात 14, तटस्थ 1 (किरिबास). ठराव नामंजूर. त्याखाली पेन्सिलीने, बारीक: "उच्चार आधी सांगायला हवा होता. चूक माझी."

इतकी वर्षं ते तिथं होतं. ग्रंथपालांनी विचारलं, झेरॉक्स हवी का. नको म्हटलं. पर्समध्ये पेन्सिल शोधली, नव्हती. पेन होतं, पण त्या रजिस्टरवर पेनाने लिहायचं धाडस झालं नाही. समारंभाला येताना पेन्सिल आणणार आहे.