पोतं पिळायचं का?

मे 2022. औसा तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर पोतं उलगडलं आणि आंबूस वास नाकात गेला. शंभरातले बहुतेक दाणे काळे पडून बुळबुळीत झालेले. दुसरं पोतं तसंच, तिसरंही तसंच. आठवड्यापूर्वी याच पारावर मी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण, शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून, कशी तपासायची ते दाखवून गेलो होतो. बारा जणांनी घरी करून पाहिलं, त्यातल्या नऊ जणांचं बी सडलं.

मी कृषी सहायक. ही तपासणी माझ्या फार जिव्हाळ्याची. 2020च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती तक्रारी आल्या, किती जणांवर दुबार पेरणीची वेळ आली, ते मी जवळून पाहिलंय. त्यात 2021च्या सप्टेंबरअखेरीस गुलाब चक्रीवादळाचा पाऊस काढणीला आलेल्या पिकावर पडला. सोयाबीनचं टरफल पातळ. शेंगेत भिजलेलं बी वरून चांगलं दिसलं तरी उगवेलच असं नाही. घरात ठेवलेलं ते बी पेरण्याआधी तपासायलाच हवं होतं.

म्हणून मी चिडलो. "एवढं समजावून सांगितलं, तुम्ही ऐकतच नाही," असं पारावर बोलून गेलो. कुणी काही बोललं नाही.

रात्री अहवाल लिहायला बसलो. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं, 22 मिनिटांचं. त्यात सगळा माझाच आवाज. "कळलं का?" हे मी इतक्या वेळा म्हणतोय हे मला ठाऊकच नव्हतं. कागद घेऊन रेघा मारल्या, 31 भरल्या. एकदाही मी उत्तरासाठी थांबलो नव्हतो. चौदाव्या मिनिटाला एका बाईंचा आवाज येतो, "साहेब, पोतं पिळायचं का तसंच निथळतं ठेवायचं?" आणि त्यावर माझा, "हां, तर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे. कळलं का?"

तेवढा तुकडा मी पाच वेळा ऐकला. अकरा वर्षांच्या नोकरीत माझी पक्की समजूत होती की आपण लोकांच्या भाषेत बोलतो, आपलं काम लोकांपर्यंत पोचतं. बोलतो हे खरं होतं. झोप लागली नाही.

सकाळी परत गेलो. त्या मावशींचं घर विचारत पोचलो आणि सरळ सांगितलं, चूक माझी झाली, तुमचं मी ऐकलं नाही. मावशी म्हणाल्या, "म्या इचारलं होतं की. तुमी बोलायलालते, म्हणून गप बसले."

त्यांच्याच अंगणात आठ-दहा जण जमले. या वेळी सांगायला सुरुवात केली नाही. "मावशी, तुम्ही मागच्या वेळी कसं केलं, ते करून दाखवा," म्हटलं आणि खाली बसलो. त्यांनी बादलीतून पोतं काढलं, तसंच पसरलं. पाण्याचा ओघळ उंबऱ्यापर्यंत गेला. मधे बोलायची उबळ दोनदा आली, दोन्ही वेळा आवरली. एक पोरगा म्हणाला, एवढ्या पाण्यात दाणे गुदमरणारच. मग मी पोतं दोघांना धरायला लावून पिळून काढलं, ओलसर पोत्याला मावशींचा हात लावला. "आत्ता कळलं," त्या म्हणाल्या. मी विचारलेलं नसताना.

शंभर दाणे त्यांनी स्वतः मांडले, वर दुसरं ओलसर पोतं टाकलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली.

सातव्या दिवशी गुंडाळी उघडली. मावशी मोडाच्या एकेका दाण्याला बोट लावत मोजत होत्या, मी शेजारी उकिडवा बसलो होतो. चौसष्ट. सत्तर टक्के उगवणीला एकरी 30 किलो बी लागतं, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. हिशेब माझ्या ओठांवर आला होता, तेवढ्यात त्यांनी बोटं मोडायला घेतली.

"सहा कमी. मंजी तीन किलो जास्ती. तेहतीस?"

"तेहतीस," मी म्हणालो.