‘शंभर टक्के सेफ करून द्या’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखान्याचं ऑफिस घ्या. एका कॉम्प्युटरवर टॅली, ई-वे बिल, व्हॉट्सअॅप वेब. शेजारी जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइनसाठी ठेवलेला जुना विंडोज ७. भिंतीवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. तिन्ही एकाच राउटरवर, आणि मालकांचं म्हणणं एकच : शंभर टक्के सेफ करून द्या.

तसं करून देणारा कुणी भेटला तर त्याचं बिल भरू नका. नेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची चूक २०१२ मध्ये शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आली. मधली दोन वर्षं वेळच्या वेळी अपडेट करणाराही उघड्यावरच होता. नेटच काढून टाकलं तर? स्टक्सनेट हा व्हायरस पेन ड्राइव्हमधूनही पसरत होता, आणि आपली डिझाइनं मागावर बहुधा पेन ड्राइव्हनंच जातात.

तरी सगळ्यात मोठं भोक आपणच पाडलेलं असतं. घरबसल्या टॅली बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडून ठेवलेला असतो. त्या पोर्टवर रात्रंदिवस जगभरातून आपोआप पासवर्ड मारून बघितले जातात. नंबर बदलून ३३९० केला तरी तो सापडतोच. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमधली ती नोंद काढा, यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडून देणारी सोय) बंद करा, घरून काम हवंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद वाटेनं करा. डीव्हीआरचा कंपनीतून आलेला पासवर्ड बदला आणि त्याला गेस्ट नेटवर्कवर टाका. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेरे दिसणार नाहीत, मोबाइलवर बघा. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, त्यामुळे त्या मशीनची लॅन वायर काढा आणि तिच्यासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा.

टॅली ऑपरेटरला अॅडमिन हक्क देऊ नका. डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच असेल तर हक्क काढल्यावर एरर येईल. आधी तो डी ड्राइव्हवर हलवा.

बॅकअपला एक टीबीच्या दोन डिस्क, एक आड एक दिवस. कॉपी झाली की डिस्क काढायची, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही लॉक करतं. गूगल ड्राइव्हला सिंक करणं हा बॅकअप नव्हे. लॉक झालेल्या फायलीही तिथे इमानेइतबारे सिंक होतात. एक डिस्क रोज घरी गेली पाहिजे. टॅली चालू असताना फोल्डर कॉपी केलं तर फायली अर्धवट येऊ शकतात, म्हणून टॅलीतलाच बॅकअप वापरा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटचा व्हाउचर नंबर जुळवा. हे बहुतेक ऑफिसांत कुणी करतच नाही, आणि डिस्क रिकामी असल्याचं नेमकं नको त्या दिवशी कळतं.

फायलींची नावं बदललेली दिसली की पहिली लॅन वायर काढा आणि वायफाय बंद करा, डिस्क जोडू नका, फॉरमॅटची घाई करू नका. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. कालची डिस्क घरी असेल तर आजच्या पावत्या पुन्हा टाइप कराव्या लागतील, एवढंच.