ॲ, ऑ आणि अर्धचंद्र: दिसायला सारखे, शोधायला वेगळे

‘ॲप’ हा शब्द मराठी मजकुरात तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिल्या प्रकारात ॲ हे एकच अक्षर असतं, युनिकोडमधला (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणातला) त्याचा सांकेतांक ०९७२; हे क्रमांक सोळाअंकी पद्धतीत लिहितात, म्हणून पुढे त्यांत डी, ई अशी अक्षरंही दिसतील. दुसऱ्यात अ (०९०५) आणि त्यावर अर्धचंद्राची मात्रा (०९४५). तिसऱ्यात ऍ (०९०डी). वाचणारा तिन्ही ठिकाणी ‘ॲप’च वाचतो, पण शोधताना यातला एक टंकला की बाकीचे दोन सहसा हाती लागत नाहीत. लांबीही बदलते: पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात शब्दाचे दोन सांकेतांक, दुसऱ्यात तीन.

मराठीसाठी बरोबर फक्त पहिला. ०९७२ युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ऍ वर किंवा अ + ॅ या जोडणीवर भागवावं लागायचं आणि तेव्हाचा मजकूर अजून वापरात आहे. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या जुन्या मांडणीत शिफ्ट-१ दाबलं की आजही ऍ च उमटतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत स्वर म्हणून ॲ आणि ऑ आहेत; ‘ए’वर चंद्र काढायचं मराठीत कारणच नाही.

एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे साठवलेले प्रकार एकसारखे करणारी युनिकोडची प्रक्रिया) चालवलं की हे प्रकार एक होतील, असा समज असतो. होत नाहीत. ०९७२ ला विघटन, म्हणजे अ + ॅ अशी फोड, दिलेलंच नाही, त्यामुळे ॲ आणि अ + ॅ युनिकोडच्या लेखी कायम वेगळे. क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे सॉफ्टवेअर वापरतात. ते तर अ आणि ॅ यांच्यामध्ये मुद्दाम ठिपक्यांचं वर्तुळ घालतं. लोक फॉन्टला दोष देतात, पण बिघाड मजकुरात असतो. ते वर्तुळ उपकारकच म्हणायला हवं, निदान चूक नजरेला पडते.

‘डॉक्टर’मध्ये ती सोयही नाही. ॉ (०९४९) ही स्वतंत्र मात्रा आहे. काना (०९३ई) आणि अर्धचंद्र वेगवेगळे टंकले तरी बऱ्याच फॉन्टांत आकार हुबेहूब तोच दिसतो. चूक कळते ती थेट शोध फसल्यावर.

जुना मजकूर साफ करताना क्रम फार महत्त्वाचा. आधी अनुस्वारानंतर पडलेला अर्धचंद्र अनुस्वाराच्या अलीकडे आणा, कारण मात्रा आधी आणि अनुस्वार नंतर हाच नियम. मग काना + ॅ आणि ॅ + काना, दोन्हींच्या जागी ॉ घाला. त्यानंतर अ + ॉ आणि आ + ॅ यांचा ऑ (०९११) करा. अ + ॅ चा ॲ अगदी शेवटी. हे शेवटचं काम आधी उरकलं, तर अ + ॅ + काना असा टंकलेला ऑ ‘ॲ’ आणि त्यामागे लोंबकळणारा काना असा मोडतो, आणि पुढचे नियम त्याला ओळखत नाहीत. ऍ चा ॲ करण्याआधी मजकूर मराठीच आहे ना, हे पाहून घ्या. हिंदीत ऍ चालतो.

खरी गुंतागुंत ‘बँक’मध्ये आहे. बहुतेक जण ब + ँ (०९०१) टंकतात, काही जण ब + ॅ + ं (०९०२). उच्चाराला धरून दुसरं योग्य, वापरात पहिलं रुळलेलं, आणि अनेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. इथे मूळ मजकुराला हात लावू नये. ँ सरसकट ॅ + ं केला, तर मराठी लेखात उद्धृत केलेला हिंदी ‘चाँद’ही बिघडतो, कारण तिथे चंद्रबिंदू निव्वळ अनुनासिक आहे. त्यापेक्षा शोधसूची (शोधासाठी मजकुरातल्या शब्दांची केलेली वेगळी यादी) बनवताना ॅ + ं चा ँ करावा, ॲ + ं चा अँ करावा, आणि शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही हेच दोन बदल करून मग जुळणी करावी. म्हणजे ‘ॲंटेना’ शोधणाऱ्याला ‘अँटेना’ही मिळतो आणि लेखकाचं लेखन जसंच्या तसं राहतं.