ठेवू का?

माझी आत्या सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहते. फोनवर ती पहिल्यांदा ‘बरं, ठेवते’ म्हणाली की समजायचं, मध्यंतर झालं. मग शेंगाचटणी कुणाबरोबर पाठवायची, गड्ड्याच्या जत्रेला यंदा येणार की नाही, हे सगळं निघतं. दुसरं ‘ठेवू का?’ येईस्तोवर माझा चहा गार.

गंमत म्हणजे मी एके काळी फोन कधी ठेवायचा, हे ठरवूनच पोट भरत होतो. फरक एवढाच की बोलणारे राउटर होते, म्हणजे दोन ठिकाणची कॉम्प्युटरची जाळी जोडणारे डबे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आयएसडीएन, म्हणजे नंबर फिरवून डेटा नेणारी डिजिटल फोनलाइन, बसवलं होतं. ६४ केबीपीएसचे दोन चॅनेल. मोडेमसारखी शिट्टी नाही, किरकिर नाही, एक-दोन सेकंदांत मुंबईचं ऑफिस लागायचं. ऑर्डर गेल्या की फोन बंद. पैसे मात्र साध्या फोनसारखेच, धराल तितके.

पहिलं बिल आलं तेव्हा मालकांनी ते टेबलावर पसरलं आणि शांतपणे विचारलं, “रात्री दोनला कारखान्यातनं कोण बोलालंय ओ?”

कोणीच नाही. म्हणजे आमचे दोन राउटरच. आरआयपी नावाच्या रीतीप्रमाणं ते दर ३० सेकंदांनी एकमेकांना आपापले रस्ते सांगत होते. शांतता झाल्यावर फोन किती वेळानं ठेवायचा, तो आकडा सिस्को कंपनीच्या राउटरात मुळातच १२० सेकंदांचा असतो. मी तो तसाच ठेवलेला. तीस-तीस सेकंदांनी कोणी हुंकार भरत असेल तर १२० व्हायचे कधी? चूक माझीच. कुठलं बोलणं ‘इंटरेस्टिंग’ धरायचं, ते राउटरला आधी यादी करून सांगावं लागतं; बाकीचं बोलणं चालू फोनवरून जातं, पण त्यानं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. ते न सांगता मी घरी येऊन जेवून झोपलो होतो.

आणखी एक आकडा मला फार आवडायचा. त्याच लाइनसाठी दुसरा कॉल ताटकळत असेल, तर १२० सेकंदांची सबुरी २० वर येते. नव्या पेठेतल्या एसटीडी बूथवर मागचा माणूस खाकरायला लागला की आपलीही यायची, अगदी तशीच.

पुढं लीज्ड लाइन, म्हणजे नंबर न फिरवता कायम जोडलेली भाड्याची लाइन, आली आणि आयएसडीएन राखीव खेळाडू झालं. एमआयडीसीतली वीज आणि लाइन, दोघींचा लपंडाव. म्हणून मी सांगून ठेवलं होतं: लाइन गेली तर १० सेकंद थांब, मगच नंबर फिरव, परत आली तर लगेच भुलू नकोस, ६० सेकंद टिकते का बघ, मग फोन सोड. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नव्हते, तिथं बसून लाइनचे नखरे बघून काढलेले होते.

आता कॉलला पैसे पडत नाहीत. परवा आत्या बोलता बोलता गप्प झाली. पलीकडून गल्लीतल्या मागाचं खटक-खटक तेवढं येत होतं. ठेवायचं कुणीच म्हणेना. जुनी खोड, मी मनात मोजायला लागलो. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी...

“अरे, ते सांगायचं राहिलंच की!” आत्या म्हणाली.