समीक्षक कोण, याने चवीत काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंत: जीभ सगळ्यांची सारखीच, मग रेस्टॉरंटची समीक्षा बाईने लिहिली की पुरुषाने, गोऱ्याने की आशियाई माणसाने, याने काय बिघडतं?

फरक पडतो तो घास तोंडात जाण्याआधी. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइशल यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ल सर्क' या उंची फ्रेंच रेस्टॉरंटबद्दल लिहिलं. वेश बदलून गेल्या तेव्हा मागचं टेबल मिळालं, हातातली वाइनची यादीही काढून नेली. ओळखल्या गेल्या तेव्हा मात्र स्पेनचे राजे बारमध्ये थांबलेले आणि यांचं टेबल तयार! रास्पबेरीसुद्धा मोठ्या झाल्या. टाइम्सच्या श्रेणीत सर्वोत्तम जागेला चार तारे; 'ल सर्क'चा चौथा तारा गेला. मालकाच्या ओळखीतल्या सूटबुटातल्या गृहस्थाला ते मागचं टेबल दिसलंच नसतं.

दुसरी गफलत कोणत्या जेवणाला किती मोल द्यायचं याची. टाइम्समध्ये तारे १९६३ पासून, आणि मोजपट्टी बराच काळ फ्रेंच. राइशल यांनी 'होन्मुरा आन' या सोबा म्हणजे जपानी नूडल्सच्या जागेला तीन तारे दिले, तर भुवया उंचावल्या. स्थलांतरितांची छोटी हॉटेलं टाइम्सच्याच 'हंग्री सिटी' या तारे नसलेल्या सदरात जात. ते सदर लिहिणाऱ्या लिगाया मिशान २०२५ मध्ये तेजल राव यांच्यासह मुख्य समीक्षक झाल्या. (आपल्याकडेही पास्त्याला सहाशे रुपये निमूट देणारे मालवणी थाळीला चारशे म्हटल्यावर कुरकुरतात.)

आता संपादकांसाठी, कारण खरी मेख बिलात आहे. नीट समीक्षेला किमान तीन भेटी लागतात आणि सोबत आणखी तिघे, म्हणजे बरेच पदार्थ चाखता येतात. माणशी शंभर डॉलर धरले तरी बाराशे डॉलर. ते आधी खिशातून घालून महिन्याभराने परत मिळणार असतील, तर घरचं बरं असलेलेच हे काम करू शकतात. बाकीचे फुकटच्या निमंत्रणावर जेवतात आणि मग वाईट लिहायला हात धजत नाही. म्हणून पैसे आगाऊ द्या, आरक्षण दुसऱ्याच्या नावाने करा.

नेमणुकीनंतरही घोटाळा होतो. व्हिएतनामी वंशाच्या समीक्षकाला फक्त फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल सूप, खायला धाडतात. त्याला इटालियनही द्या. शिवाय स्वतःच्या समाजाचं जेवण जोखताना घरची चव आडवी येते: मराठीच असूनही कोल्हापूरकराला नागपूरचा सावजी रस्सा 'चुकलेला' वाटतो. अशा वेळी लिहिण्याआधी त्याच भागातल्या आणखी दोन-तीन ठिकाणी तोच रस्सा खाऊन यावा, आणि त्याचंही बिल संपादकांनीच भरावं.